कोचीत एक पूर्ण दिवस, एकटीने: काय करू?

पाचवी_गल्ली | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पुढच्या आठवड्यात एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्याच मुख्य भूमीवरच्या भागात, जायचंय. सोमवार ते गुरुवार वर्गात कोंडून घातलेलं असणार. परतीचं विमान शनिवारी पहाटे. सोबतच्या दोघी गुरुवारीच परतणार, म्हणजे शुक्रवार सकाळपासून रात्रीपर्यंत माझा एकटीचा.

वय ४६. एकटीने प्रवास केलेला नाही असं नाही, पण तो सगळा कामाचा. लग्नकार्य, दवाखाना, मुलाची ॲडमिशन. काही काम नसताना, बरोबर कुणी नसताना परक्या गावात दिवसभर नुसतं हिंडायचं, हे कधी केलेलं नाही. फोर्ट कोची, मट्टांचेरी एवढी नावं ऐकून आहे. "बघण्यासारखी दहा ठिकाणं" नेटवर मिळतातच, ती नकोत. एका माणसाचा दिवस तिथे कसा जातो ते सांगा.

आणि खरं विचारायचंय ते हे, की जेवायचं कसं? हॉटेलात एकटीने अख्खं टेबल अडवून बसायची मला भयंकर लाज वाटते. हसू नका.

तिरका_डोळा | ९:५२

हसलो नाही. (हसलो.)

पण ताई, अख्ख्या आठवड्यात तुम्हाला शुक्रवारच मिळाला का?

कोथिंबीरवडी | ९:५५

का हो, शुक्रवारी काय होतं कोचीत?

तिरका_डोळा | ९:५६

काहीच होत नाही. तोच प्रॉब्लेम आहे.

खारा_वारा | रात्री १०:२०

तिरका_डोळा, घाबरवू नका हो त्यांना. पण मुद्दा खरा आहे. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यू टाऊनमधलं सिनेगॉग शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस बंद. म्हणजे यादीतल्या पहिल्या पाचातली दोन गेलीच.

माझ्या नवऱ्याची नोकरी नेव्हीतली, त्यामुळे आम्ही कोचीला तीन वर्षं राहिलो. त्या तीन वर्षांत मी राजवाडा किती वेळा पाहिला? एकदा. तोही सासूबाई आल्या होत्या म्हणून. भिंतींवरची रामायणाची चित्रं सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. पण कोची आठवते ती त्यासाठी नव्हे. मला आठवतात बोटी. आपण रिक्षासाठी हात करतो तशी तिथली माणसं बोट पकडतात. हातात दप्तर, डबा, कोंबडी, काहीही.

तेव्हा पहिली गोष्ट, टॅक्सी करू नका. एर्नाकुलमच्या मेन बोट जेट्टीवरून फोर्ट कोचीला सरकारी बोट जाते. आमच्या वेळी चार रुपये होते, नंतर सहा झाल्याचं ऐकलं. वीस-पंचवीस मिनिटांत एका बाजूला विलिंग्डन बेट, समोरून जाणारी मालवाहू जहाजं, नशिबात असेल तर डॉल्फिनची पाठ. इतक्या पैशात आपल्याकडे चहाही मिळत नाही.

स्लो_लोकल | १०:४१

जुनी बोट कशाला? आता वॉटर मेट्रो आहे की. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी हायकोर्टाच्या धक्क्यापासून फोर्ट कोचीपर्यंतही आली. बॅटरीवर चालणारी, एसी, स्वच्छ, दारं मेट्रोसारखी. मी चाळीस रुपये दिले.

खारा_वारा | १०:४४

एसी बोटीत काचेतून समुद्र बघायचा तर टीव्ही काय वाईट? :) जाताना जुनी, येताना घामाघूम झाल्यावर नवी. तडजोड.

निवृत्त_नाना | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. एकट्याने हिंडण्यात मजा ती काय? चांगलं काही दिसलं तर "ते बघ" म्हणायला शेजारी कुणी नको? आम्ही तेरा जण गेलो होतो केरळला, बसमध्ये अंताक्षरी, काय धमाल! एक दिवस आहे तर सरळ अलेप्पीला जाऊन हाऊसबोट बघून यावं. फोर्ट कोचीत आहे काय? दोन चर्च आणि मासळीचा वास.

कोथिंबीरवडी | ६:५५

नाना, तेरा जणांत कोची पाहिलीत की अंताक्षरी?

स्लो_लोकल | ७:३०

अलेप्पी एका बाजूने पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास रस्त्यात जातात आणि एकट्या माणसाला अख्खी हाऊसबोट परवडत नाही. नानांना आदरपूर्वक विरोध.

चित्रकथी | सकाळी ९:१५

नाना, "दोन चर्च" म्हणून सोडून देऊ नका. सेंट फ्रान्सिस चर्च १५०३ चं, युरोपियनांनी भारतात बांधलेलं सर्वांत जुनं. आधी लाकडी होतं, मग दगडी झालं. वास्को द गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच गेला आणि त्याला इथेच पुरलं. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, त्यामुळे आता नुसता दगड आहे, भोवती पितळी कठडा. लोक रिकाम्या खड्ड्याचा फोटो काढतात. मी पण काढलाय.

वर बघायला विसरू नका. बाकांवर लांबलचक कापडी पंखे टांगलेले आहेत. दोरी बाहेर जायची, पंखेवाला बाहेर उन्हात बसून ओढायचा आणि आत साहेब प्रार्थना करायचे.

अवांतर: कोचीचं बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघंही आपल्या मुंबईच्या जे.जे.चे. डिसेंबर २०१२ मध्ये पहिलं भरलं. ऑक्टोबरमध्ये काही नसेल, पण भिंतींवर जुनी चित्रं अर्धवट उडालेल्या रंगात दिसतात. मला ती प्रदर्शनापेक्षा जास्त आवडली.

फोंड्याचो_पाव | दुपारी १२:०५

मट्टांचेरीला जाणार आणि चेर्लायचं नाव कुणीच काढलं नाही? तिथे व्यंकटेशाचं मोठं देऊळ आहे, कोचीन तिरुमल देवस्वम. ते आम्हा गौड सारस्वतांचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळाला कंटाळून जे गोव्यातून बाहेर पडले त्यातले बरेच तिथे उतरले. आजही घरात कोकणी बोलतात. गंमत अशी, की गोव्याहून पळाले पोर्तुगीजांमुळे आणि कोचीत पोहोचले तर तिथेही पोर्तुगीज हजर!

आमची एक लांबची मावशी तिथली. तिची कोकणी मला निम्मीच कळते. पण 'जाय' आणि 'नाक्का' या दोन शब्दांवर तुमचं जेवण निभावेल. हवं असेल तर जाय, नको तर नाक्का.

मराठी लोकांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला. त्यात माहिती पुरवणारे इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि त्यांच्याबरोबर तीन कोकणी वैद्य: रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. या तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलेली ग्वाही पहिल्या खंडात छापली आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत! शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झालेलं, तेव्हाची ही अक्षरं.

कोथिंबीरवडी | १२:२०

हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

रेवदंडा | दुपारी २:३५

सिनेगॉग बंद असतं त्यावरून आठवलं. आमच्या भागात बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांना 'शनवार तेली' म्हणायचे. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. आजोबा सांगायचे, की त्यांच्यात धर्म शिकवायला कोचीहून गुरुजी यायचे. लहानपणी ही थाप वाटायची, नंतर वाचलं तर खरंच निघालं. कोचीचे बहुतेक ज्यू १९४८ नंतर इस्रायलला गेले, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पण त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, इमारतीने सोडलेला नाही. मी शनिवारी गेलो होतो. दाराला हात लावून परत आलो. आतल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, प्रत्येकीवर हाताने काढलेलं वेगळं चित्र, हे मी अजून फोटोतच बघतोय.

तिरका_डोळा | २:४०

म्हणजे रेवदंडा शनिवारी, पाचवी_गल्ली शुक्रवारी. दोघांनी मिळून बंद दाराचा अल्बम काढा.

शिळा_भात | दुपारी ४:००

कुणीतरी रिक्षांबद्दल सांगा त्यांना. मला एकाने शंभर रुपयांत "फुल फोर्ट कोची" दाखवतो म्हणून बसवलं. पहिलं ठिकाण मसाल्याचं दुकान, दुसरं गालिच्यांचं, तिसरं पुन्हा मसाल्याचं. मी म्हटलं, बाबा रे, चर्च? तर म्हणाला, दहा मिनिटं दुकानात नुसते फिरा, मला कूपन मिळतं, मग चर्च. एकटा माणूस दिसला की असे जास्त मागे लागतात. चालत फिरा, सगळं जवळ आहे.

पाचवी_गल्ली | रात्री ८:५०

किती छान लिहिताय सगळे. जेवणाचं मात्र कुणीच बोललं नाही अजून. :(

खारा_वारा | ९:०५

अरे हो! फोर्ट कोचीच्या काठावर मासेमारीची मोठी चिनी जाळी आहेत, त्यांच्याजवळ मासे विकायला असतात, तिथे घ्यायचा आणि शेजारच्या टपरीत शिजवून घ्यायचा, असं सगळे सांगतील. एकटीने नका करू. अर्धा मासा कुणी विकत नाही. एका बाईने दीड किलोचा तांबोसा घेऊन काय करायचं? दुपारी सरळ 'मील्स' लिहिलेल्या साध्या हॉटेलात शिरा. खोबरेल तेलाचा वास पहिले दोन घास जाणवतो, मग नाही.

स्लो_लोकल | ९:१२

मट्टांचेरीत बिर्याणी खा. सोबत खजुराची चटणी देतात. बिर्याणी मुळातच एका माणसाची असते.

निवृत्त_नाना | ९:३०

सुलेमानी चहा घ्या बिर्याणीवर. तो मलाही आवडला होता. अंताक्षरी थांबवून प्यायलो. :)

चित्रकथी | ९:४८

छत्री! ऑक्टोबरात तिकडे तुलावर्षम म्हणजे परतीचा पाऊस. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीन-चारला ढग गडगडतात आणि तासभर कोसळतो. संध्याकाळी कथकली ठेवा. खेळ सहाला असतो, पण पाचलाच जा, रंगभूषा समोर बसून बघू देतात.

पाचवी_गल्ली | २५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

जाऊन आले! उशीर झाला, पण लिहिते म्हटलं होतं. (म्हटलं नव्हतं, पण मनात होतं.)

जाताना जुनी बोट. तिकीट सहाच रुपये. शेजारी शाळेतल्या चार मुली, वेण्यांना तेल चोपडलेलं, तोंडी परीक्षेचं काहीतरी पाठ करत होत्या. जहाज जवळून गेलं, आमची बोट हलली, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मी मात्र बाकाला घट्ट धरून बसले होते.

चिनी जाळ्यांबद्दल एक सांगायचंय. ती फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण त्यांचं वजन फोटोत दिसत नाही. एवढं थोरलं लाकडी धूड आणि त्याच्या मागच्या टोकाला दोरांना बांधून टांगलेले दगड. कुणी नारळाएवढा, कुणी पाट्याएवढा. जाळं पाण्यात जातं तसे दगड एकेक करून वर उचलले जातात. चार-पाच मिनिटं थांबायचं, मग पाचजण मिळून दोर ओढतात, दगड खाली येतात आणि जाळं पाणी गाळत वर येतं. एक जण म्हणाला, "चेची, या!" चेची म्हणजे ताई. गेले. ओढलं. आमच्या गल्लीत नळ येण्याआधी आडाचं पाणी शेंदलंय, हात विसरले नव्हते. निघालं काय? मूठभर बारीक मासळी, एक खेकडा आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. मग शंभर रुपये मागितले. पन्नास दिले. घासाघीस मी मराठीत केली, त्यांनी मलयाळममध्ये, दोघांनाही कळलं.

चर्चमध्ये वीस मिनिटं बसले. एकटी होते म्हणूनच बसले असावे. घरचे असते तर "झालं का, चला" झालं असतं. चित्रकथी, पंखे पाहिले. पंखेवाल्याची दोरी भिंतीतून कुठून बाहेर जायची तेही शोधून आले.

मग बझार रोडने मट्टांचेरीपर्यंत चालत. तास लागला, कारण मी वासावर थांबत होते. एका वखारीत सुंठ, पुढच्या दारात मिरी, मग नुसती तांदळाची पोती. हमाल डोक्यावर पोतं घेऊन येताना ओरडतो, आपण भिंतीला चिकटायचं. एका दारात म्हाताऱ्या बायका जमिनीवर बसून सुंठ निवडत होत्या. चांगली एका ढिगात, किडकी दुसऱ्यात. माझी आजी शेंगा अशाच निवडायची. मीही उंबऱ्यात टेकले. एकीने एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो अजून पर्समध्ये आहे, पर्स उघडली की शिंक येते.

उरलेलं उद्या.

तिरका_डोळा | १०:२२

उद्या?? मालिका आहे का ही?

पाचवी_गल्ली | २६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

घ्या.

दुपारी बाराच्या सुमारास गुजराती रोडवरच्या जैन मंदिरापाशी पोहोचले. फलकावर १९०४ लिहिलंय. तिथे रोज कबुतरांना दाणे घालतात, सगळा थवा एकदम उठतो आणि शिखराभोवती फेऱ्या मारतो. लहान मुलासारखी तोंड उघडं टाकून बघत होते. (नंतर बंद केलं. कबुतरं होती.)

चेर्लायचं देऊळ दुपारी बंद झालेलं. फोंड्याचो_पाव, सॉरी. पण कोपऱ्यावरच्या दुकानात पापड घेतले आणि पिशवी नको होती म्हणून मुद्दाम "नाक्का" म्हटलं. दुकानदारीणबाई आधी थबकल्या, मग आत कुणाला तरी हाक मारून काहीतरी म्हणाल्या आणि माझ्याशी फाडफाड बोलायला लागल्या. मला शष्प कळलं नाही. दोन शब्दांच्या जोरावर इतकी फजिती कधी झाली नव्हती.

सिनेगॉगचं दार बंद. हात लावून आले, रेवदंडा यांच्या वतीनेही. तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघत उभी होते तेवढ्यात पहिला थेंब पडला. छत्री हॉटेलच्या खोलीवर, अर्थातच.

पळत सुटले आणि 'मील्स' दिसलं तिथे शिरले. आता माझा मूळ प्रश्न. टेबल अडवायची लाज म्हणत होते ना? तिथे टेबल कुणाचंच नसतं! मी बसले, पाठोपाठ एक नर्सबाई समोर बसल्या, न विचारता. शेजारी एक बँकवाले वाटणारे गृहस्थ. केळीचं पान, त्यावर जाडसर लालसर भात, सांबार, दोन भाज्या, पापड, माशाची आमटी. ग्लासात गुलाबी पाणी, तेही कोमट. मला वाटलं सरबत, म्हणून वाढप्याला हातानेच नको म्हटलं. नर्सबाईंनी माझा ग्लास परत माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "गुड फॉर स्टमक." वाढप्याने तिसऱ्यांदा भात टाकला तेव्हा त्यांनीच माझ्या पानावर हात आडवा धरून त्याला थांबवलं. शेवटी ताकाचा भात कसा कालवायचा तेही दाखवलं. मग उठल्या, पान मिटलं आणि गेल्या. मोजून अकरा मिनिटं. नाव विचारायचं राहिलं. आमच्याकडे पहिल्या पंगतीलाही एवढी घाई नसते.

पाऊस साडेचारला थांबला. कथकलीला पाचच्या आधी पोहोचले. रंगभूषा बघताना वेळेचं भान राहिलं नाही. हिरवा चेहरा, हनुवटीच्या कडेने पांढरी किनार चिकटवतात. आणि शेवटी त्या कलाकाराने एक बारीक बी पापणीखाली ठेवली. थोड्या वेळाने डोळे लालभडक! प्रेक्षकांत आम्ही नऊजण होतो. मी एकटीच एकटी नव्हते. एक फ्रेंच आजीबाई आणि एक पुण्याचा मुलगाही एकटेच. पुण्याच्या मुलाने मला मराठी आहे हे कसं ओळखलं विचारा. मी पापडाची पिशवी पायांत धरून बसले होते म्हणे.

येताना वॉटर मेट्रो. एसीत ओले कपडे. काकडून गेले.

खारा_वारा | ७:२५

ते गुलाबी पाणी म्हणजे पतिमुगम. आपल्याकडे पतंग म्हणतात त्या झाडाचं लाकूड टाकून उकळलेलं. नर्सबाई बरोबर होत्या. पिशवी नाकारलीत मग पापड कशात आणलेत?

पाचवी_गल्ली | ७:३१

त्यांनी दिलीच शेवटी. नाक्का कुणी ऐकतं का.

फोंड्याचो_पाव | ८:१०

हेंच तें! आमच्यात 'नाक्का' म्हणजे 'आणखी थोडं वाढा'. मावशीला सांगतो, खूश होईल.

निवृत्त_नाना | ८:४०

पाचवी_गल्ली, छान लिहिलंत. सुंठीच्या वखारी आम्हाला दिसल्याच नाहीत. बस त्या गल्लीत शिरत नाही म्हणाला होता ड्रायव्हर. बाकी चर्चमध्ये वीस मिनिटं काय केलंत, हे मला अजून कळलेलं नाही.

पाचवी_गल्ली | ८:४८

काही नाही हो नाना. पाय दुखत होते.

स्लो_लोकल | सकाळी ११:३०

लोकहो, हा धागा वाचून मी पुन्हा तिकीट काढलंय, नेत्रावतीचं. कोकणातून जाताना दारात उभं राहायचं, तो अर्धा प्रवास. पोहोचतोय पुढच्या शुक्रवारी, फिरायला मिळणार शनिवार. शनिवारी काय काय उघडं असतं?

रेवदंडा | ११:३४

राजवाडा उघडा. सिनेगॉग... माझी वरची पोस्ट वाचा.

तिरका_डोळा | ११:३५

अल्बममध्ये स्वागत.